बाबांनी भरलेली दहा कार्डं

२० फेब्रुवारी

मास्तर, नमस्कार.

जानेवारीचं कार्ड पाठवून सहा आठवडे झाले, ते अजून भरून आलं नाही. दहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडतंय. तुमचं कार्ड म्हणजे आठव्या नाहीतर नवव्या दिवशी टेबलावर हजर. आमच्याकडच्या टपाल बघणाऱ्या बाई तर म्हणायच्या, "ड्रायव्हिंग स्कूलचं आलं, आता बाकीच्या आळशांना आठवणपत्रं काढायला हरकत नाही."

एक सांगायचं राहिलं. येत्या एकतीस मार्चला मी निवृत्त होतेय. एकतीस वर्षं या इस्पितळात एकच वही सांभाळली, लहान वयात थायरॉइडचा कॅन्सर होऊन इथे उपचार घेतलेल्या मुलांची. दोनशे सहा नावं आहेत. चौघं गेली, त्यातली या आजाराने दोघंच. दोनशे एक जणांची यंदाची खबर आली. राहिला एक रकाना, तुमच्या वकीलबाईंचा. तो कोरा ठेवून खुर्ची सोडणं माझ्या अगदी जिवावर आलंय.

तेव्हा रागावला असलात तर रागाने भरा, पण कार्ड भरा. ती अजूनही तपासणीचं नाव काढत नाही का? आणि तुम्ही स्वतःच्या तब्येतीला जपताय ना? तेही लिहा.

तुमची,
नोंदणी विभागातली ताई


२७ फेब्रुवारी

नोंदणी विभाग यांस,

तुमचं पत्र ज्यांना होतं ते माझे बाबा. ते जूनमध्ये गेले. स्कूलच्या ऑफिसात, दुपारी, पुढच्या बॅचची यादी लिहिता लिहिता. हृदयाचा झटका. स्कूल आता मी चालवते, त्यामुळे पत्र मीच उघडलं. जानेवारीत बाबांच्या नावे आलेलं पाकीट न फोडताच ठेवलं होतं, तेही आज फोडलं: आत कोरं कार्ड, वर माझ्या नावाऐवजी क्रमांक १४७.

तुमच्या वहीतली वकीलबाई मीच. एकतीस वर्षांची आहे, शुद्धीत आहे, वाचता येतं. तेव्हा मला समजेल असं सांगा: कसली कार्डं? कसली दहा वर्षं?

मी विसाव्या वर्षी तुमच्याकडे शेवटची आले होते. बाबा बाहेर गाडीत बसले होते. मी येऊन सांगितलं की डॉक्टरांनी सोडलं, आता परत यायची गरज नाही. ते "बरं झालं" म्हणाले आणि गाडी सुरू केली. त्यानंतर आमच्या घरात या विषयावर कुणी हूं की चूं केलं नाही. आई मी नऊ वर्षांची असतानाच गेलेली. घरात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाला माझा आजार साफ विसरता आला, असं मी समजत होते. त्याचा मला राग होता. अजून आहे, म्हणजे परवापर्यंत होता.

माझ्याबद्दलची माहिती माझ्या पाठीमागे दुसऱ्याकडून घेणं हे कुठल्या नियमात बसतं? यापुढे मला पत्र पाठवू नये. फोन नंबर मी देणार नाही.

त्याआधी त्या कार्डांवर काय लिहिलं होतं, तेवढं कळवावं.

क्रमांक १४७


६ मार्च

क्रमांक १४७ यांना, म्हणजे वकीलबाई, तुम्हाला,

तुमचं पत्र वाचलं आणि मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मास्तर गेले. मी त्यांना आयुष्यात एकदाच भेटले, पण दहा वर्षं माणूस आठव्या दिवशी उत्तर देतो तेव्हा तो आपल्या घरचाच होतो. फार वाईट वाटलं.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. हे कुठल्याही नियमात बसत नाही. पेशंट अठराचा झाला की कार्ड त्याच्याच नावे जायला हवं, आणि पहिल्या वर्षी ते तुमच्याच नावे, घरच्या पत्त्यावर गेलं होतं. ते मास्तरांच्या हाती पडलं. तिसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन ते माझ्या खिडकीपुढे उभे. म्हणाले, "ताई, ती म्हणते तुम्ही सोडलं. तुम्ही म्हणता तपासणीला ये. दोघींतलं खरं कोण?"

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. फाइल काढून पुढची तारीख दाखवली. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "ओरडलो तर ती घर सोडून जाईल, मग थायरॉइडची गोळी घेते की नाही तेही कळायचं नाही. कार्ड स्कूलच्या पत्त्यावर पाठवा. ती आपणहून यायला तयार होईपर्यंत मी भरतो." आणि मी दर वर्षी पाठवत गेले. एक वर्ष, दोन वर्षं म्हणता दहा झाली. तुम्हाला सरळ पत्र लिहायला हवं होतं. चूक माझी आहे, मास्तरांची नाही. तक्रार करायची असेल तर वरिष्ठांचा पत्ता शेवटी लिहिला आहे.

मूळ कार्डं मला बाहेर देता येत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बसून उतरवून काढली. छापील प्रश्न असतात. पुढचं सगळं मास्तरांचं.

"रोजची गोळी घेते का? — घेते. रिकामी पाकिटं कचऱ्यातून काढून मोजतो. गेल्या वर्षी तीन दिवस चुकले, तेव्हा ती लग्नाला गेली होती."

"वजन? — विचारलं तर मार खाईन. गाडीत तिच्या सीटची खाच तीच आहे, पट्टाही तेवढाच ओढते."

"मानेत गाठ? — रिव्हर्स घेताना ती आरशावर भागवत नाही, मान पूर्ण वळवून मागे बघते. मी मागच्या सीटवर बसून दोन्ही बाजू पाहून घेतो. गाठ नाही. व्रण आहे, आता बारीक झालाय."

"धाप लागते का? — ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. पाण्याचा कॅन घेऊन चढते, आणि बोलत चढते. मलाच लागते."

"आवाजात बदल? — आज आमचा एक उमेदवार टेस्टमध्ये नापास झाला. तिने परीक्षकाशी अर्धा तास वाद घातला. आवाज उत्तम."

आणि शेवटचा प्रश्न, "पुढील तपासणीस केव्हा येणार?" त्यावर दर वर्षी एकच: "अजून नाव काढत नाही. वाट बघतोय."

तुम्हाला आठवत नसेल, पण शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात तुम्ही सिस्टरना विचारलं होतं, की माझ्याच गळ्यातली वस्तू काढलीत तर मला दाखवली का नाही? तेव्हापासून तुम्ही आमच्या वकील. मास्तरांना ते मीच सांगितलं होतं.

नोंदणी विभाग


१२ मार्च

वहीमावशी,

तुम्हीच ना त्या? लांब वेणी, काखेत जाडजूड वही, आणि निळ्या शाईचा डाग कायम उजव्या हाताच्या बोटावर? आम्ही पोरं तुम्हाला वहीमावशी म्हणायचो. तुम्हाला माहीत होतं का कोण जाणे.

तुमचं पत्र मी गाडीत बसून वाचलं. उमेदवार बाहेर उभी होती, तिला म्हटलं, आज क्लास नाही, घरी जा. बिचारी घाबरली, तिला वाटलं तिचंच काही चुकलं.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपणच चालवतोय. दहा वर्षं बाबा त्या ब्रेकवर पाय ठेवून बसले होते आणि मला पत्ताच नाही. एकदा मी त्यांना कचऱ्याच्या डब्यात हात घालताना पाहिलं होतं. "म्हातारपणी हे काय नवीन?" म्हणून मी केवढी ओरडले. ते म्हणाले, "चष्म्याचा स्क्रू पडलाय." मी स्क्रू शोधू लागले, मावशी. दोघंही गुडघ्यावर बसून शोधत होतो.

तुम्ही मन मोकळं केलंत, आता माझं ऐका. त्या दिवशी डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला आणि म्हणाले, "फुप्फुसातले डाग आहेत तेवढेच आहेत." दोनदा किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेतला होता, बाराव्या आणि चौदाव्या वर्षी. दोन्ही वेळा चार-चार दिवस बंद खोलीत, कुणी जवळ यायचं नाही, जेवण दाराबाहेर ठेवायचं. एवढं सगळं करून डाग आहेत ते आहेतच. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. बाबांना काय सांगणार? आईला पोचवून आलेला माणूस तो.

त्या दिवसापासून मी एका वर्षापलीकडचं काही ठरवत नाही. नवी गाडी घ्यायची म्हटली की मी म्हणते जुनी चालेल. आमच्या गाड्या बघतो त्या गॅरेजवाल्याने मला दोनदा लग्नाचं विचारलं. पहिल्यांदा सांगितलं, विचार करते. दुसऱ्यांदा सांगितलं की मला ग्रीसचा वास सहन होत नाही. तो बिचारा आता हात दोनदा धुऊन येतो.

आणि आता मुद्द्याचं. जानेवारीपासून मला कोरडा खोकला आहे. जात नाही. बाबा असते तर कार्डावर लिहिलं असतं. ते नाहीत म्हणून मी लिहिते. तुमच्या रकान्यात काय भरायचं ते तुम्हाला कळलं असेलच. वही बंद करा आणि सुखाने निवृत्त व्हा.

तक्रार करणार नाही.

वकील


१७ मार्च

वकील,

आता मी तुला अगंतुगंच करणार. चालत नसेल तर सांग.

माहीत होतं मला. मला ते नाव फार आवडायचं.

मी डॉक्टर नाही. खोकल्याचं मला काही कळत नाही आणि पत्रातून कुणालाच कळणार नाही. तू बरी आहेस असंही मी म्हणत नाही, कारण अकरा वर्षांत तुला कुणी तपासलेलं नाही. पण स्वतःच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते जाणून घ्यायचा तुला हक्क आहे. आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे तिला अकरा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं, आजच्या आज पाठवा. त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी उतरवते:

"फुप्फुसातले डाग तेवढेच, वाढ नाही. रक्तातली आजाराची खूण मागच्या वर्षाच्या निम्म्यावर. आधी दिलेल्या आयोडीनचा परिणाम चालू आहे. नवा डोस नको. थांबावं, दर वर्षी पाहावं. अंदाज चांगला. हे समजावून सांगण्यापूर्वीच रुग्ण उठून गेली. वडिलांशी बोलायला माणूस पाठवला, गाडी निघून गेली होती."

वाचलंस? तू पहिलं वाक्य ऐकलंस आणि पिशवी उचललीस. एरवी प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारणारी मुलगी, आणि ज्या दिवशी विचारायला हवं होतं त्याच दिवशी तोंडाला कुलूप.

आता माझ्या वहीतलं सांगते, ते मला नक्की सांगता येतं. दोनशे सहांपैकी एकतीस मुलांच्या फुप्फुसात डाग होते. मोठ्या माणसांमध्ये हे ऐकलं की आमच्याकडचेही चेहरे उतरतात. मुलांचं वेगळं असतं. आजार पसरलेला दिसतो, पण औषधाला दादही देतो, आणि डाग राहिले तरी कितीतरी जणांत ते नुसते पडून असतात. त्या एकतिसांपैकी एकोणतीस जण आज आहेत. एक शाळेत खेळ शिकवते, तिला जुळी झाली. एक ट्रक चालवतो आणि कार्ड दर वेळी वेगळ्याच गावाहून टाकतो. एक चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याची तक्रार एवढीच की टक्कल पडलं. दर वर्षी विचारतो, हे आयोडीनमुळे का? डॉक्टर दर वर्षी सांगतात, नाही हो, वडिलांमुळे.

नऊ एप्रिल, सकाळी दहा. तुझ्या नावे वेळ घेऊन ठेवली आहे. मी तेव्हा नसेन, धाकट्या बहिणीकडे राहायला जातेय, पत्ता खाली आहे. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला सांगून ठेवलंय.

ये.

वहीमावशी


२४ मार्च

वहीमावशी,

ती नोंद मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, हसाल. "वडिलांशी बोलायला माणूस पाठवला, गाडी निघून गेली होती." मीच बाबांना म्हटलं होतं, लवकर काढा, पुढे गर्दी होते.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आमच्या घरात ते शिकवलं गेलं नाही. पण मानते.

नऊ तारखेला मात्र जमणार नाही. त्या दिवशी आमच्या सात उमेदवारांची टेस्ट आहे. त्यातल्या एक आजी आहेत, साठीच्या, चौथ्यांदा देताहेत, आणि मी शेजारी दिसले नाही तर त्या गाडीला हातच लावत नाहीत. शिवाय एका गाडीचा क्लच गेलाय. मे महिन्यात बघू. नाहीतर जूनमध्ये.

खोकला आहे तसाच आहे. खरं सांगू? माहीत नसतं तोवर बरं असतं. अकरा वर्षं "मरणार आहे" याची सवय झाली, मावशी. तुम्ही म्हणता तसं "कदाचित नाही" निघालं, आणि मग पुन्हा "हो" निघालं, तर मला ते झेपणार नाही. हे मी कुणालाच बोलले नव्हते.

आणि एक. वकील म्हणता तर उलटतपासणी घ्या. कार्डं दहा. तुम्ही उतरवलेल्या उत्तरांच्या मागे मी वर्षं लावून पाहिली. नापास उमेदवाराचा तो वाद दोन वर्षांपूर्वीचा, म्हणजे नववं कार्ड. गेल्या वर्षीच्या जानेवारीचं, दहावं, त्यात कुठेच नाही. ते का लपवलंत?

वकील


३० मार्च

बाळा,

माझा उद्या शेवटचा दिवस. टेबल रिकामं झालंय, एक खण उरलाय, आणि त्यात ते कार्ड आहे. लपवलं होतं, खरं आहे. मास्तरांनीच तुला सांगायला सांगितलं होतं, आणि मला धीर होत नव्हता. तू पकडलंस ते बरं झालं.

दहाव्या कार्डावर त्यांनी तुझे रकाने नेहमीसारखे भरले. गोळी, सीटची खाच, मान, पाण्याचा कॅन. मग जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं:

"ताई, छातीत दुखतं. चार-पाच महिने झाले. आमच्या इथल्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात दाखवा म्हटलंय. मी गेलो नाही. काय निघेल याची भीती वाटते. तिला बोललो नाही. ती मला तिचं सांगत नाही, मी तिला माझं सांगत नाही, दोघंही एकमेकांना जपतोय म्हणायचं. तिला भित्री म्हणायला मला तोंड नाही, ती माझ्यावरच गेली आहे. मी नसलो तर कार्ड कोण भरणार? तेव्हा तुम्ही तिला लिहा. सांगा, तिचा बाप रागावलेला नव्हता. आणि सांगा, बापासारखं करू नकोस म्हणावं."

हे वाचून मी लगेच त्यांना लिहिलं होतं, मास्तर, उद्याच्या उद्या दाखवा. उत्तर आलं नाही. मग या जानेवारीत कार्डही आलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. तरी फेब्रुवारीतलं पत्र मी तुला न लिहिता त्यांनाच लिहिलं, कारण तुला लिहायचं म्हणजे ते नाहीत असं मानायचं. एकतीस वर्षं लोकांना "वेळेवर या" असं लिहिणारी बाई मी, आणि माझी ही तऱ्हा.

झेपणार नाही म्हणतेस. मी तुला खोटा धीर देणार नाही. निकाल वाईटही निघू शकतो. पण वाईट निघाला तर त्यावर करायला अजून पुष्कळ आहे, आणि करणारी माणसं त्याच इमारतीत बसली आहेत. मास्तरांसाठीही होती. त्यांनी दारच ठोठावलं नाही.

आजींची टेस्ट दुसऱ्या कुणाबरोबर होईल. नऊ तारखेला तू जा. काय झालं ते मला बहिणीच्या पत्त्यावर कळव. आता वही माझी नाही, मला कुणी सांगणार नाही. तुझ्याखेरीज.

वहीमावशी


१५ एप्रिल

मावशी,

सगळ्यात आधी निकाल, नाहीतर तुम्ही पत्र शेवटून वाचायला घ्याल.

डाग आता शोधावे लागतात. जे दिसतात ते जुने व्रण असावेत, असं मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मानेत काही नाही. रक्ताचा निकाल काल आला. ती खूण जेमतेम मोजता येईल इतकी उरली आहे, विसाव्या वर्षी होती त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. चौदाव्या वर्षी घेतलेलं औषध मी जगायचं सोडून दिल्यावरही आपलं काम करत राहिलं. गोळीचा डोस थोडा बदलला. आता पुढच्या एप्रिलमध्ये.

या वेळी मी शेवटच्या वाक्यापर्यंत बसून राहिले. वर सतरा प्रश्न विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फाइलवर वकील का लिहिलंय ते आत्ता कळलं."

आणि खोकला. त्यांनी विचारलं, जानेवारीपासून नवीन काय? मी म्हटलं, काही नाही. गॅरेजवाला बाजूला उभा होता (तोच घेऊन आला होता, रस्ताभर क्लचवर बोलला, आजाराचा शब्द काढला नाही). तो म्हणाला, "गाडीत ती वासाची बाटली लावलीत ना तुम्ही." मावशी, ती बाटली मी लावली होती ती याच्या ग्रीसचा वास घालवायला. बाटली फेकली, पाच दिवसांत खोकला निम्मा झाला. माझा जीव भांड्यात पडला. तो मात्र दिवसभर हसत होता. येताना मी त्याला सगळं सांगितलं, डाग, आयोडीन, बाबा, कार्डं, सगळं. तो म्हणाला, "एवढंच होतं? मला वाटलं तुम्हाला मीच आवडत नाही." त्याचं पुढचं नंतर लिहीन.

आजी पास झाल्या. मी नसताना. म्हणाल्या, तू शेजारी असलीस की मला दडपण येतं.

बाबांनी दार ठोठावलं असतं तर, हा विचार येतो. रोज येतो. तो जाणार नाही आणि जावा असंही वाटत नाही. पण राग गेला. मी किती वर्षं समजत होते की या माणसाने मला एकटं सोडलं, आणि तो कचऱ्यात हात घालून माझे दिवस मोजत होता. त्याचे आभार मानायला तो नाही. म्हणून तुमचे मानते, दोघांचे एकत्र. तुम्ही नियम मोडलात त्याबद्दल आणि नंतर तो पाळलात त्याबद्दलही.

आता एक राहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

त्या दिवशी आत बोलवायच्या आधी मी बाकावर बसले होते. गॅरेजवाला गाडी लावायला गेला होता. शेजारी एक गृहस्थ, त्यांच्यापलीकडे अकरा वर्षांची मुलगी, गळ्याला पट्टी. मान वळवता येत नव्हती म्हणून अख्खी वळून बघत होती. गृहस्थांच्या हातातली फाइल इतकी घट्ट धरलेली की कोपरे दुमडले होते. बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाला घेऊन आलात?"

मी म्हटलं, "कुणाला नाही. पेशंट मीच."

"तुम्हाला कधी झालं?"

"बाराव्या वर्षी. एकोणीस वर्षं झाली."

ते उठले आणि पार टोकाच्या खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या बायकोला त्यांनी जी हाक मारली, ती सगळ्या मजल्याने ऐकली असेल. "अगं, इकडे ये! लवकर ये! यांना एकोणीस वर्षं झाली!" ती रांग सोडून धावत आली. दोघं माझ्यासमोर उभे राहून मला वरपासून खालपर्यंत बघत होते, माझी मान, माझे हात, माझे बूट. बाईंनी विचारलं, "हात लावू का?" आणि माझ्या खांद्याला हात लावून त्या रडायलाच लागल्या. माझा स्वतःचा निकाल मला माहीत नव्हता, मावशी. पण एकोणीस वर्षं तर झालीच होती. ती कुणी नाकारू शकत नव्हतं. मीही नाही.

मुलगी मात्र काही भारावून गेली नव्हती. तिने अख्खी वळून मला विचारलं, "मग इतकी वर्षं तू काय केलंस?"

मी म्हटलं, "लोकांना गाडी चालवायला शिकवलं. हजारेक लोकांना."

"मला शिकवशील?"

"अठरा पूर्ण कर, मग ये."

तिने बोटं मोजली. "सात वर्षं आहेत," ती म्हणाली.

"चालेल," मी म्हटलं. "मी आहे."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी आत गेले.

तुमची,
वकील